टॅटू : एक स्पेलिंग, तीन घराणी

डिसेंबरच्या सुरुवातीला, नौदल दिनाच्या निमित्ताने, मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाचा देखणा सोहळा होतो. बँड वाजतो, डोक्यावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, नौसैनिक संचलन करतात आणि अंधार पडला की समुद्रात उभी असलेली जहाजं दिव्यांनी उजळून निघतात. सोहळ्याचं नाव ‘बीटिंग रिट्रीट अँड टॅटू सेरेमनी’. मराठी वर्तमानपत्रंही ते तसंच छापतात. वाचणाऱ्याला मात्र टॅटू म्हटलं की दंडावरचा ड्रॅगन आठवतो, नाहीतर मनगटावर इंग्रजीत कोरून घेतलेलं कुणाचं तरी नाव. नौदलाच्या या टॅटूत सुई नाही आणि शाईही नाही. कातडी असलीच तर ती ढोलाची.

मोठा इंग्रजी कोश काढून बसलं की उलगडा होतो. एकाच स्पेलिंगखाली तिथे तीन स्वतंत्र नोंदी सापडतात. एक, अंगावर टोचून काढलेली, न पुसणारी खूण. हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या ताहिती-सामोआच्या बेटांवरचा. दुसरी, रात्रीच्या लष्करी ढोलाची. ती आली हॉलंडहून. तिसरी नोंद आखूड असते आणि लहान कोश ती गाळूनच टाकतात. तिचा अर्थ वाचून मराठी माणसाला हसू येईल: हिंदुस्थानी पैदाशीचं लहान चणीचं घोडं. म्हणजे आपलं तट्टू!

या तिघांचं आपसांत काडीचंही नातं नाही. इंग्रज माणूस कधी दर्यावर्दी म्हणून बाहेर पडला, कधी पगारी शिपाई म्हणून, कधी कंपनीचा नोकर म्हणून, आणि प्रत्येक खेपेला कानावर पडलेला एक शब्द घरी घेऊन आला. घरी आल्यावर तिघांना एकच अंगरखा घातला गेला. इंग्रजीला अशी सवय आहेच. व्रण या अर्थाचा तिचा ‘स्कार’ ग्रीक भाषेतल्या चुलीच्या, भाजल्याच्या खपलीच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. आणि उघड्या खडकाचा कडा या अर्थाचा ‘स्कार’ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा. तिथे निदान दोनच आहेत.

वयाने थोरला डच शब्द, म्हणून आधी त्याच्याकडे वळू. सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समध्ये जिथे जिथे पलटणी होत्या तिथे रात्री ढोलवाले गल्लीबोळांतून ढोल बडवत फिरत. इशारा दोघांना असे. गुत्तेवाल्यांनी दारूच्या पिंपांच्या तोट्या बंद कराव्यात आणि शिपायांनी मुक्कामावर परतावं. डच भाषेत ‘टॅप’ म्हणजे तोटी आणि ‘टू’ म्हणजे बंद. त्यावरून ‘टॅप्टू’. जर्मनांनीही याच प्रसंगाला ‘झाप्फनस्ट्राइश’ हे नाव दिलं आहे, आणि त्याच्याही पोटात पिंपाचं बूच आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या पलटणी डचांच्या बाजूने वर्षानुवर्षं लढल्या होत्या. घरी परतताना हा शब्द त्यांच्याबरोबर आला. १६४४ साली, इंग्लंडातलं यादवी युद्ध चालू असताना, नॉटिंगहॅमचा गव्हर्नर कर्नल हचिन्सन याने हुकूम काढला होता. रात्री नऊनंतर, टॅप्टू वाजल्यावर, जो कोणी गुत्त्यात पिताना सापडेल त्याला अडीच शिलिंग दंड. इंग्रजीतल्या या शब्दाचा हा फार जुना लेखी पुरावा, आणि तो निघाला दारूबंदीच्या फतव्यात.

पुढे मधला ‘प’ गळाला आणि तोट्यांचीही आठवण राहिली नाही. उरला तो रात्रीचा ढोल. ढोलाला बिगुल मिळाले, मशाली मिळाल्या, प्रेक्षक मिळाले आणि हुकुमाचा तमाशा झाला. एडिंबरा किल्ल्यासमोरच्या मैदानावर १९५० पासून दर ऑगस्टमध्ये जो लष्करी टॅटू भरतो तो याच घराण्यातला. विचारात हरवलेला माणूस टेबलावर बोटांनी ताल धरतो, त्यालाही इंग्रजीत टॅटू म्हणतात. अस्वस्थपणे उगाच बोटं बडवत बसण्याला तर ‘सैतानाचा टॅटू’ असं खास नाव आहे.

आपल्याकडे रिट्रीट आणि टॅटू यांची सर्रास सरमिसळ होते. रिट्रीट सूर्यास्ताची, निशाण उतरवण्याची वेळ. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होतं ते रिट्रीट. टॅटू त्यानंतरचा, रात्रीचा. ब्रिटिश फौजेत टॅटूची सुरुवात ‘फर्स्ट पोस्ट’ या बिगुलाच्या सुरावटीने व्हायची आणि सांगता ‘लास्ट पोस्ट’ने. पहाऱ्याच्या सगळ्या चौक्या तपासून झाल्या, आता झोपा, एवढाच त्याचा अर्थ. हुतात्मा जवानाला निरोप देताना आपल्या गावागावांत वाजते ती ‘लास्ट पोस्ट’ हीच. अमेरिकेतही असंच घडलं. तिथे १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, जनरल बटरफील्डने रात्रीच्या बिगुलाची सुरावट बदलून घेतली. तिचं नाव ‘टॅप्स’, आणि लष्करी अंत्ययात्रेत तीच वाजते. गुत्ते बंद करण्याच्या इशाऱ्यापासून शेवटच्या निरोपापर्यंत पोचायला या शब्दाला जेमतेम दोन-अडीच शतकं लागली.

आता अंगावरची खूण. या शब्दाची जन्मतारीख बरीच नेमकी सांगता येते, आणि व्युत्पत्तीच्या क्षेत्रात असं भाग्य क्वचितच लाभतं. कॅप्टन जेम्स कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज १३ एप्रिल १७६९ रोजी ताहितीच्या मटावाई उपसागरात शिरलं. जाहीर कारण खगोलशास्त्राचं होतं: ३ जूनला शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहायचा आणि त्यावरून सूर्याचं अंतर काढायचं. तीन महिन्यांचा मुक्काम पडला. बेटावरच्या बायका-पुरुषांच्या अंगावर काळ्या-निळ्या नक्ष्या होत्या. कुकने रोजनिशीत लिहून ठेवलं की हे लोक कातडीखाली काळा रंग भरतात, तो पुन्हा जात नाही, आणि त्यांच्या भाषेत याला ‘टॅटाऊ’ म्हणतात. त्याने केलेलं स्पेलिंग ‘काउ’शी जुळणाऱ्या उच्चाराचं आहे. मूळ ताहिती आणि सामोअन उच्चार ‘ताताऊ’, म्हणजे कुकचा कान बऱ्यापैकी पक्का होता.

जहाजावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने सुमारे बारा वर्षांच्या एका मुलीला गोंदताना समोर बसून पाहिलं आणि लिहून ठेवलं. हाडाची किंवा शिंपल्याची दातेरी फणी, तिला दांडा, दांड्यावर छोट्या काठीचे टोले, आणि रंग म्हणून एका तेलकट बीची काजळी. मुलगी कळवळत होती, दोघी बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. चित्रकार सिडनी पार्किन्सन तर पाहून थांबला नाही, त्याने स्वतःच्या हातावरही खूण काढून घेतली. परतीच्या वाटेवर, बटाव्हिया सोडल्यानंतर, तो आजारपणात वारला. त्या खुणेचं चित्र आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी चेहऱ्यांची त्याने काढलेली चित्रं मात्र आजही पाहायला मिळतात.

१७७३ मध्ये हॉक्सवर्थ या लेखकाने या सफरींचा वृत्तान्त छापला आणि शब्द लंडनच्या दिवाणखान्यांत पोचला. वर्षभरात माणूसही पोचला. ‘माई’ नावाचा पॉलिनेशियन तरुण १७७४ मध्ये लंडनला आला. इंग्रज त्याला ओमाई म्हणत. जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेल्या त्याच्या पूर्णाकृती चित्रात हातांवरच्या गोंदणखुणा दिसतात. २०२३ मध्ये लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतली गेटी संस्था यांनी मिळून ते पाच कोटी पौंडांना घेतलं. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं, तेव्हा कॅप्टन ब्लायने बंडखोरांच्या वर्णनाची यादी केली होती. तीत कुणाच्या अंगावर कुठे काय गोंदलंय ते नोंदलेलं आहे. पुढाऱ्याच्या, फ्लेचर ख्रिश्चनच्या, छातीवर डाव्या बाजूला चांदणी होती. शब्द इंग्रजीत येऊन वीस वर्षं झाली होती आणि तो पोलिसी कामाला लागलाही होता.

मुळात शब्दाची फोड काय? पॉलिनेशियन भाषांत ‘ता’ म्हणजे मारणे, ठोकणे. सामोआत गोंदणाऱ्या कारागिराला ‘तुफुंगा ता ताताऊ’ म्हणतात. हवाईच्या भाषेत ‘त’चा ‘क’ होतो, म्हणून तिथे हाच शब्द ‘काकाऊ’ असा भेटतो. त्याचा अर्थ गोंदणे, आणि लिहिणेसुद्धा. माओरीत ‘ता’वरून छापण्याचा अर्थ निघाला. सामोअन भाषेत ‘ताताऊ’ या उच्चाराचा ‘योग्य, उचित’ असाही अर्थ आहे. त्या बेटांवर तरुणाने कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं ‘पेआ’ गोंदून घेणं हे उचितच मानलं जाई, बायकांच्या मांड्यांवरचं ‘मालू’ही तसंच. तिथली दंतकथा मोठी खट्याळ आहे. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदण्याची हत्यारं घेऊन पोहत निघाल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असं गाणं घोकत होत्या. वाटेत शिंपला दिसला म्हणून बुडी मारली, वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालं होतं. सामोआत पुरुषांचं गोंदण इतकं मोठं का, याचं हे उत्तर. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली ताहितीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंदणावर कायद्याने बंदी आली आणि कला जवळजवळ बुडाली. सामोआत ती टिकली. १९८० नंतर ताहितीने ती पुन्हा उभी केली.

इथे एक गोष्ट खटकते. कुकच्या मंडळींनी ताहितीहून पुढे जाऊन न्यूझीलंड गाठलं. तिथल्या माओरींची चेहऱ्यावर छिन्नीने खाचा पाडून रंग भरण्याची रीत निराळी होती आणि तिचं नावही निराळं: ‘मोको’. मोकोतून माणसाचं कुळ आणि त्याचा मान वाचता येतो. इंग्रजांनी तेही ‘टॅटू’तच कोंबलं. जपानचं ‘इरेझुमी’, आपलं गोंदण, ब्रह्मदेशातल्या मांड्यांवरच्या नक्ष्या, सगळं एका पोत्यात गेलं. आजचे माओरी याबाबत काटेकोर आहेत. माओरी वंशाच्या माणसाचा तो मोको. इतर कुणी हौसेने तशी नक्षी काढून घेतली तर ते ‘किरितुही’, म्हणजे नुसतं कातडीवरचं चित्र. नानाया माहुता २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा जगभरच्या बातम्यांत त्यांच्या हनुवटीवरच्या ‘टॅटू’ची चर्चा झाली. त्यांच्या घरी त्याला कुणी टॅटू म्हणत नसणार.

आता या विषयातली सगळ्यात लोकप्रिय समजूत तपासायला हवी. कुकने युरोपला गोंदण शिकवलं, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक आहे. ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या आहेत. ग्रीक लोक गुलामांना आणि गुन्हेगारांना गोंदत. हेरोडोटसने सांगितलेली हिस्टिएयसची गोष्ट प्रसिद्धच आहे. त्याने सुसा शहरातून गुप्त निरोप धाडण्यासाठी एका गुलामाचं डोकं भादरलं, टाळूवर मजकूर गोंदला, केस वाढू दिले आणि त्याला मायलिटसला पाठवलं. तिथे पुन्हा डोकं भादरून पत्र वाचलं गेलं. जेरुसलेमला गेलेले युरोपी यात्रेकरू हातावर क्रूस गोंदून घेत. स्कॉटिश प्रवासी विल्यम लिथगो याने १६१२ मध्ये तिथे गोंदून घेतलं होतं, तेव्हा कुकच्या जन्माला शंभरावर वर्षं अवकाश होता. १६९१ मध्ये विल्यम डँपियर या दर्यावर्दीने आग्नेय आशियातल्या एका बेटावरचा, अंगभर गोंदलेला ‘जिओली’ नावाचा माणूस लंडनला आणला. पैसे घेऊन त्याला लोकांना दाखवलं जाई. पुढच्याच वर्षी तो ऑक्सफर्डला देवी येऊन वारला.

म्हणजे वस्तू होती आणि ती पाहिलेली माणसंही होती. नव्हता तो तिला म्हणून असलेला एक शब्द. डँपियरने जिओलीला ‘रंगवलेला’ म्हटलं. इतर कुणी ‘टोचलेला’ म्हणत, कुणी ‘डागलेला’. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, अंगावर खुणा छापू नका अशा अर्थाची आज्ञा आहे. आजच्या कित्येक इंग्रजी आवृत्त्यांत त्याच ठिकाणी सरळ ‘टॅटू’ लिहिलेलं सापडतं. अनुवादकांचं हिब्रू सुधारलं असेल वा नसेल. १६११ मध्ये हा शब्दच इंग्रजीत नव्हता हे नक्की.

इंग्रजीजवळ ग्रीकांचा एक शब्द मात्र होता: ‘स्टिग्मा’. ग्रीकमध्ये टोचण्याच्या क्रियापदापासून तो बनला, आणि त्याचा मूळ अर्थ गोंदलेली खूणच. पण ती गुलामाची आणि चोराची. म्हणून इंग्रजीत तो आला तो कलंक होऊन. माझ्या मते ताहितीच्या शब्दाचं नाणं झटक्यात का चाललं ते इथे समजतं. युरोपच्या घरच्या शब्दांना शिक्षेचा वास येत होता. समुद्रापलीकडून आलेल्या शब्दाला तो नव्हता, त्यात बेटांचं ऊन होतं आणि धाडसाची हवा होती. तो घेऊन खलाशी, आणि पुढे राजपुत्रही, न लाजता गोंदवून घेऊ शकले. सातवा एडवर्ड युवराज असताना १८६२ मध्ये जेरुसलेमला क्रूस गोंदून आला. त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज १८८१ मध्ये जपानहून हातावर ड्रॅगन घेऊन आला. त्या काळी जपान सरकारने आपल्या प्रजेला गोंदणाची बंदी घातलेली होती, ती १९४८ पर्यंत उठली नाही.

शिक्षेचा वास मात्र या नव्या शब्दालाही लागायचा राहिला नाही. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव, गुन्हा आणि तारीख गोंदायला सुरुवात केली. दप्तरात त्याला हिंदी शब्दानेच ‘गोदना’ म्हणत. कपाळ झाकायला कैदी फेटा किंवा केस पुढे ओढून घेत. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. जी रीत गावोगावच्या बायका दागिना म्हणून मिरवत होत्या, तिचाच सरकारने बेडीसारखा उपयोग केला. विसाव्या शतकात ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले गेले. त्यालाही इंग्रजीत टॅटूच म्हणतात. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून न्यूयॉर्कच्या दुकानांत विजेचं यंत्र घरघरत होतं. सॅम्युअल ओरायलीने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, एडिसनच्या विजेच्या लेखणीच्या धर्तीवर. पूर्वी तासन् तास चालणारं काम मिनिटांवर आलं.

खूण का टिकते, याचं उत्तर शब्दाच्या इतिहासाबाहेरचं असलं तरी इथे सांगण्यासारखं आहे. त्वचेचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. शाई त्याच्या खालच्या थरात जाते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून भक्षक पेशी धावून येऊन तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की या पेशी मेल्यावर बाहेर पडलेली शाई नव्या पेशी लगेच गिळतात. कायमची म्हणवली जाणारी खूण अशी पिढ्यान् पिढ्या हस्तांतरित होत राहते. लेझरने ती काढणं अवघड जातं त्याचं एक कारण हेच.

एक प्रश्न उरतो: ‘टॅटाऊ’चा ‘टॅटू’ कसा झाला? कुकनंतरच्या लिखाणात दोन्ही रूपं दिसतात, मग ‘टॅटू’ जिंकतं. ढोलाचा टॅटू तेव्हा सव्वाशे वर्षं इंग्रजीत मुरलेला होता, जहाजांवर आणि छावण्यांत तो रोज कानांवर पडत होता. अनोळखी शब्द ओळखीच्या साच्यात बसवण्याची सवय प्रत्येक भाषेला असते, मराठीलाही आहे. त्यामुळे खुणेच्या शब्दाचं स्पेलिंग ढोलाच्या शब्दाने ओढलं असं म्हणायला मला अडचण वाटत नाही.

पण याच्या पुढे जाऊन काही जण सांगतात की दोन्ही शब्द मुळात एकच, कारण दोन्हीत ठोकणं आहे: तिथे ढोलावर टिपरी, इथे फणीवर काठी. ही नुसती गंमत आहे. डच शब्दात ठोकणं नाहीच मुळी, तोटी आहे. ‘टॅट टॅट’ आवाजावरून शब्द पडला ही कल्पनाही तशीच. पॉलिनेशियन भाषांत ‘ता’ हे आपल्या ‘मारणे’सारखं साधं, रोजच्या वापरातलं क्रियापद आहे आणि त्याची भावंडं बेटाबेटांवर सापडतात. आवाजावरून व्युत्पत्ती काढायला बसलं तर उद्या आपल्याकडे कोणी ‘तप्त’वरून टॅटू काढून दाखवेल, आणि फॉरवर्डही होईल.

मराठीने या बाबतीत सोय केली आहे. आपल्या लेखी गोंदण, टॅटू आणि तट्टू यांची गल्लत होऊच शकत नाही. टॅटू आणि गोंदण यांत सध्या फरक पडतो तो ठिकाणाचा आणि पैशाचा. जत्रेत बसलेल्या बाईकडून हनुवटीवर घेतलेला ठिपका किंवा हातावरचं तुळशीवृंदावन हे गोंदण, काचेच्या दाराआड तासावर पैसे मोजून काढलेलं चित्र हा टॅटू. मेल्यावर सोबत येतो तो हाच एक दागिना, ही गोंदणाविषयीची जुनी श्रद्धा टॅटूवाल्यांच्या जाहिरातीत अजून शिरली नाही याचं मला नवल वाटतं.

राहता राहिलं तट्टू. कंपनीचे साहेब इथे आले तेव्हा अरबी घोडे महाग होते आणि सामान वाहायला, डाकेला, नोकरांना बसायला देशी लहान घोडी होती. कोशकार इंग्रजी शब्दाचं मूळ म्हणून हिंदी ‘टट्टू’ देतात. मराठी ‘तट्टू’ हे त्याचंच भावंड. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘टॅटू’ला स्वतंत्र जागा आहे, आणि त्याचं लाडकं आखूड रूप ‘टॅट’ही तिथे दिलं आहे. साहेबाच्या बोलण्यात त्यात थोडा तुच्छपणाच असे: मोठा घोडा तो हॉर्स, बाजारातलं ते टॅट.

मराठ्यांच्या दृष्टीने चित्र उलट होतं. डोंगरातल्या वाटा, मिळेल त्या चाऱ्यावर भागणं, दिवसाकाठी मोठमोठ्या मजला, हे अरबी घोड्याचं काम नव्हे. भीमा आणि नीरा यांच्या काठची घोडी त्यासाठी नावाजलेली, आणि भीमथडीचं तट्टू हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या दोन नद्यांच्या काठच्या घोड्यांची आवर्जून दखल घेतली आहे. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत म्हणून मान्यता मिळाली, त्यातही ही तट्टं आहेत. त्याच वेळी ‘भाडोत्री तट्टू’ म्हणजे पैशासाठी कुणाच्याही बाजूने लढणारा, आणि ‘अडेलतट्टू’ म्हणजे हटून बसलेला माणूस. या दोन शब्दांवाचून आपलं राजकीय वार्तांकन चालत नाही. एकाच जनावराला मराठीने असं कौतुकालाही वापरलं आणि शिवीलाही.

इंग्रजीत तिन्ही टॅटूंपैकी हा तिसरा विस्मृतीत गेला. त्याचं कारण साधं आहे: साहेब गेले, त्यांचे टॅट गेले, मोटारी आल्या. खुणेचा टॅटू जगभर पसरला, ढोलाचा टॅटू लष्करी सोहळ्यांपुरता उरला. भीमथडीचं घोडं मात्र अजून आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात मेंढपाळ धनगरांच्या तांड्यांबरोबर सामान वाहत ते आजही चालताना दिसतं, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे.